बॅटरी वाढली

आमच्या घरात कुठलीही वस्तू संपत नसे, ती वाढत असे. कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. एवढं तर माझ्या माहेरीही होतं. पण माझ्या नवऱ्याने हे शास्त्र अगदी टोकाला नेलं होतं. त्याच्या तोंडून 'संपलं' हा शब्द मी कधी ऐकला नाही. टूथपेस्ट वाढायची, गॅस वाढायचा, सुट्टी वाढायची. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात वीस तारखेला तो घरी आला आणि म्हणाला, "पगार वाढला." मी आनंदाने खाली जाऊन बर्फी घेऊन आले. मग त्याने पाकीट उघडून दाखवलं, आणि पुढचे दहा दिवस आम्ही खिचडी आणि ती बर्फी खाल्ली.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं याच एका शब्दावर आलेलं आहे.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. दुबईत आल्यावर लॅपटॉप, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसले ती आजतागायत. आलेली बॅटरी मीटरला लावायची, तिच्यात किती जीव उरलाय ते बघायचं आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगायचं. माणसं थापा मारतात. 'मॅडम, कालपर्यंत एकदम चांगली होती,' असं फुगून ढोल झालेली बॅटरी हातात धरून सांगतात. मीटर थापा मारत नाही. माझा स्वभाव आधीच फटकळ, त्यात हे काम, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं होतं. नवरा मला 'मीटरबाई' म्हणायचा. मला ते आवडायचं.

आम्ही अल मनखूलला राहायचो. अजूनही मी तिथेच राहते, तिसरा मजला, खाली बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान. नवरा एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर होता. २००८ची मंदी आली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या क्रेन एकेक करत थांबल्या. त्याचा पगार आधी अर्धा झाला, मग एक पत्र आलं. शेजारची दोन मराठी कुटुंबं बायकामुलांना पुण्याला पाठवून मोकळी झाली. माझी नोकरी टिकली म्हणून आम्ही टिकलो.

आठ महिने तो नोकरी शोधत होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बायोडेटाच्या प्रती घेऊन बाहेर पडायचा आणि दुपारी परत यायचा. सिगारेट त्याच दिवसांत लागली. खाली पार्किंगमध्ये उभा राहून ओढायचा, कारण घरात मुलगी. मग वर यायचा, दाराजवळ चपलांच्या रॅकशेजारी जमिनीवरच बसायचा आणि म्हणायचा, "बॅटरी वाढली गं माझी."

ते ऐकलं की मी हातातलं काम टाकायचे. त्याच्यासमोर फरशीवर बसायचे, बूट काढायचे, मोजे काढायचे आणि पाय मांडीवर घेऊन दाबत राहायचे. तो भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचा. मुलाखत कशी झाली, कोण काय म्हणालं, काही विचारायचं नाही. हा आमच्यातला अलिखित करार होता. तासाभराने तो उठायचा आणि मुलीला खाली झोपाळ्यावर घेऊन जायचा. ते आठ महिने आम्ही कसे काढले असं कुणी विचारलं तर मला दुसरं काही सांगता येणार नाही, असेच काढले.

मग त्याला फुजैराला काम मिळालं. तिथे बंदराजवळ तेलाच्या टाक्यांचं मोठं आवार आहे, त्याच्या देखभालीच्या कामावर. रविवारी पहाटे जायचं, कंपनीने दिलेल्या खोलीत राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचं. दीड तासाचा तर रस्ता. आम्हाला वाटलं, वर्षभर काढू असं. त्याची दहा वर्षं झाली. सिगारेटही त्याच्याबरोबर फुजैराला गेली आणि दर गुरुवारी त्याच्या शर्टाच्या वासातून परत येत राहिली.

मुलगी अकरा वर्षांची असतानाची गोष्ट. शुक्रवारी आम्ही दोघी त्याच्याबरोबर फुजैराचा समुद्र बघायला गेलो होतो. परत येताना डोंगरातल्या रस्त्यावर गाडीने दोन आचके दिले. त्याने ती कडेला घेतली, स्टिअरिंगवर हात आपटला आणि म्हणाला, "खलास! पेट्रोल वाढलं."

त्या काळात इथे पेट्रोलचे दर नुकतेच दर महिन्याला बदलायला लागले होते, चार फिल्स वर, सहा फिल्स खाली. रुपयाला पैसे, तसे दिरहमला फिल्स. मागच्या सीटवरून मुलीने मोठ्या माणसाच्या काळजीने विचारलं, "किती फिल्स?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. त्या रणरणत्या उन्हात, डोंगराच्या कडेला, पेट्रोलचा डबा घेऊन कुणीतरी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो आणि ती विचारत होती, "व्हॉट? व्हॉट डिड आय से?" मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने मला थांबवलं. "नको सांगूस. मोठी झाल्यावर आपोआप कळेल, तेव्हा तीही हसेल."

'किती फिल्स' ही गोष्ट त्याने सगळीकडे सांगितली. गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या वाढदिवसाला. मराठी माणसांना समजावून सांगावं लागत नाही, गोष्ट संपायच्या आत सगळे खो खो हसायचे. ती तेवढ्यात उठून दुसऱ्या खोलीत जायची. तिला वाटायचं, आपल्या उच्चाराला हसतात. त्यानंतर तिने आमच्याशी मराठीत बोलणं हळूहळू बंदच केलं. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मी कधी रागावले, "घरात तरी मराठी बोल," तर ती म्हणायची, "सो दॅट यू कॅन लाफ?" मला राग यायचा. तो शब्द तिला समजावून सांगायला एक मिनिट लागलं असतं. तो आम्ही चेष्टेसाठी राखून ठेवला.

ती दहावीत गेली आणि तिने बापाशी सरळ भांडण काढलं. त्याचा खोकला वाढला होता. ती म्हणाली, "आयदर यू स्टॉप ऑर डोंट कम टू माय ग्रॅज्युएशन." तिच्या ग्रॅज्युएशनला अजून सहा-सात वर्षं होती, पण त्याला ते लागलं. त्याच सुमारास इथे व्हेपला, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटला, कायद्याने परवानगी मिळाली आणि दुकानं उघडली. एका गुरुवारी तो विटेच्या तुकड्याएवढं एक यंत्र घेऊन आला. दोन सेल घालायचे, बटण दाबायचं, वाफ ओढायची. एक वर्ष हे, मग तेही बंद, असा त्याने मुलीला शब्द दिला.

मी म्हटलं, "एक सुटलं नाही आणि दुसरं धरलं. दीडशे दिरहम! म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये."

"सिगारेटचा हिशोब काढ मग, मीटरबाई," तो म्हणाला आणि यंत्रातले दोन्ही सेल काढून किल्ल्यांबरोबर पँटच्या खिशात टाकले.

मी किंचाळले. शेजारची मल्याळी बाई दार उघडून बघायला लागली, इतकी. हे सेल टॉर्चमधल्यासारखे दिसतात, पण जरा जाड आणि फार ताकदीचे. त्यांच्यावर पातळ प्लॅस्टिकचं आवरण असतं. ते फाटलं किंवा दोन्ही टोकांना किल्ली टेकली, तर काही क्षणांत मांडी भाजून निघते. मी टेबलावर असे भाजलेले खिसे पाहिलेत. त्याला तिथेच सगळं सुनावलं आणि म्हटलं, "आजपासून या सेलना तू हात लावायचा नाहीस. मी भरून देईन, तू वापरून आणायचे."

अशी त्या बॅटऱ्यांची देखभाल माझ्याकडे आली. मी चार जोड्या घेतल्या, आठ सेल, आणि टोकं कशाला टेकणार नाहीत अशा प्लॅस्टिकच्या डब्या. टाक्यांच्या आवारात काडेपेटी काय, मोबाइलही नेता येत नाही, त्यामुळे त्याचं ओढणं खोलीवरच, संध्याकाळी. चार संध्याकाळी, चार जोड्या. खोलीवर चार्जर ठेवायला मी साफ नकार दिला. तो चार्जर लावून अंघोळीला गेला असता, सेल गादीवर ठेवून झोपला असता. मी त्याला ओळखून होते.

जोडी हा त्यातला महत्त्वाचा भाग. दोन सेल एका यंत्रात एकत्र काम करतात, तर ते एकाच दिवशी घेतलेले, एकत्रच वापरलेले, एकत्रच भरलेले हवेत. एक नवा आणि एक थकलेला एकत्र घातला, तर थकलेला जास्त ओढला जातो, तापतो आणि मरतो. म्हणून जोड्यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. कंपनीत आम्ही त्यावर नंबरचे स्टिकर लावतो. घरी स्टिकर नव्हते. माझं टिकल्यांचं पाकीट होतं. लाल जोडी, हिरवी जोडी, मरून जोडी आणि काळी जोडी. आवरणाच्या मधोमध एकेक पातळ टिकली लावली, टोकांपासून लांब.

तो म्हणाला, "सगळे सेल सवाष्ण करून टाकलेस की."

गुरुवारी आला की तो डब्या जेवणाच्या टेबलावर मांडायचा. मी प्रत्येक सेल उजेडात फिरवून आवरण बघायचे, स्पिरिटचा बोळा टोकांवरून फिरवायचे, मीटरला लावायचे आणि आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहायचे. वापरून आलेले सेल रात्रभर निवत ठेवायचे. शुक्रवारी सकाळी पोहे झाले की चार्जर ओट्याच्या उघड्या फरशीवर, आजूबाजूला कापड नाही, कागद नाही, आणि मी स्टुलावर समोर. चार्जर चालू असताना उठायचं नाही, हा माझा नियम. मग तोही दुसरं स्टूल घेऊन समोर बसायचा. मटार सोलायचा, लसूण सोलायचा, फुजैराच्या बोटींच्या गमती सांगायचा. दोन-दोन जोड्या भरायला सगळी सकाळ जायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि आम्ही समोरासमोर बसून इतकं बोललो ते त्या चार्जरमुळे. मी इतकी सुखी होते की मुद्दाम हळू भरणारा चार्जर घेतला होता. सेलचं आयुष्य वाढतं म्हणून, असं त्याला सांगितलं होतं. तेही खरंच होतं.

थंडी सुरू झाली आणि कागदावरचे आकडे बदलायला लागले. भरलेला सेल चार पूर्णांक दोन व्होल्टला असतो. आधी सगळ्या जोड्या सव्वातीन, साडेतीनवर उतरून परत यायच्या. मग साडेतीनच्या पावणेचार झाल्या. मग चौथी जोडी न वापरताच परत आली. मग तिसरीही. तो ओढणं कमी करत होता. सांगायचा मात्र काही नाही. मी कागदापुढे उभी राहून मनातल्या मनात हसायचे. मुलीला म्हटलं, "बाबा सोडतोय बघ." तिने येऊन कागद पाहिला आणि त्याचा फोटो काढून ठेवला.

मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "आता ओढवत नाही गं."

ओढवत नाही. नको वाटतं म्हणून ओढवत नाही, आणि दम पुरत नाही म्हणूनही ओढवत नाही. आपली भाषा दोन्हीला एकच शब्द देते. मी मला हवा तो अर्थ घेतला. लिफ्ट बंद होती तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. मी म्हटलं, "पोट कमी कर." शुक्रवारी चार्जरसमोर बसल्याबसल्या त्याचा डोळा लागायचा. मी म्हटलं, "वय झालं तुझं." मी तो कागद वाचत होते. समोरचा माणूस वाचत नव्हते.

तो बुधवार होता. आमच्या टेबलावर स्वतःचा मोबाइल आणता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. कामावरून सुटल्यावर पाहिलं, नवऱ्याचा एक मिस्ड कॉल. म्हटलं, घरी जाऊन करू. घरी आले तर मुलगी हेडफोन लावून अभ्यासाला बसलेली. हेडफोन न काढताच म्हणाली, "बाबा कॉल्ड. ही सेड टु टेल यू हिज बॅटरी हॅज गॉन अप."

आणि मी विचारलं, "किती?"

"हाऊ वुड आय नो? ही जस्ट सेड दॅट. ही साउंडेड स्लीपी."

मला वाटलं, या आठवड्याची शिल्लक गेल्या आठवड्यापेक्षा वाढली, तेच कौतुकाने सांगायला फोन केला असेल. यंत्राच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा दिसतोच. चार्जरला लावल्याशिवाय बॅटरी वर जात नाही, हे मी पोटासाठी रोज दहा जणांना सांगत होते. पण मला आनंद झाला होता. मी गुरुवारसाठी कोथिंबीर निवडायला घेतली होती, वड्या करायच्या होत्या. हात ओले होते. एका बोटाने मेसेज केला, 'शाब्बास! असंच चालू दे.' लगेच दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. लवकर झोपला असेल, उद्या येतोच आहे, असं म्हणून मी फोन केला नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला त्याच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला. केरळचा भला माणूस. "भाभीजी, आप आ जाइए. जल्दी आइए." मी कंपनीतून निघाले, मुलीला शाळेतून घेतलं आणि गाडी फुजैराच्या रस्त्याला लावली. 'किती फिल्स' झालं होतं ते वळण मागे गेलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

डॉक्टर तरुण होता, हळू बोलत होता. हृदयाचं दुखणं होतं, म्हणाला. महिन्या-दोन महिन्यांपासून दम लागत असणार, आणि कालपासून तर नक्कीच त्रास होत असणार. त्याने इंग्रजीत विचारलं, "त्यांनी कुणाला सांगितलं नाही?"

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "नो, ही वॉज फाइन. ही कॉल्ड मी येस्टर्डे. ही सेड हिज बॅटरी हॅज गॉन अप."

डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं. त्या पांढऱ्या कॉरिडॉरमध्ये, दुसऱ्यांदा ऐकल्यावर, ते वाक्य मला त्याच्या आवाजात ऐकू आलं. चपलांच्या रॅकशेजारी बसून म्हणायचा तसं.

मी मुलीचा दंड धरला. "नक्की काय म्हणाला? मराठीत सांग."

ती घाबरली. आठवून आठवून, एकेक शब्द लावत म्हणाली, "आईला सांग, माझी बॅटरी वाढली."

त्याने मला बोलावलं होतं. दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि आमच्या दोघांनाच कळणाऱ्या शब्दांत. ते माझ्या कानावर तसंच पडलं असतं, तर मी कोथिंबीर तशीच टाकून निघाले असते आणि दीड-दोन तासांत त्याच्या दारात असते. पाय दाबले असते की ओरडून त्याला हॉस्पिटलात नेलं असतं, माहीत नाही. बहुतेक ओरडले असते. आणि त्याला मिळालं काय, तर 'शाब्बास! असंच चालू दे.'

मुलगी माझ्याकडे बघत होती. पंधरा वर्षांची. मी डॉक्टरला म्हटलं, "ते काही नाही, त्यांच्या व्हेपबद्दल होतं." आणि तिथेच ठरवलं, हा शब्द हिला कधी कळू द्यायचा नाही. ज्याने तो चेष्टेत लपवून ठेवला तो गेला. आता मी जीव मुठीत धरून तो लपवणार होते.

पुढचे सोपस्कार झाले. चौथ्या की पाचव्या दिवशी पुण्याहून नणंदेचा फोन आला. माझे हात कामात होते म्हणून मी स्पीकर लावला होता. मुलगी टेबलाशी बसून बापाच्या शर्टांच्या घड्या घालत होती. नणंद रडली, मी रडले, आणि मग ती म्हणाली, "मंगळसूत्र वाढवलंस का गं?"

माझं डोकं फिरलं. "नाही वाढवलं, आणि वाढवणारही नाही!" असं ओरडून मी फोन बंद केला. मग भानावर आले आणि मुलीकडे पाहिलं. ती घडी घालत होती. तिने मान वर केली नाही, काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं. तिचं मराठी कच्चं आहे याचा त्या दिवशी मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते.

फुजैराच्या खोलीवरून त्याची बॅग आली. त्यात चारही डब्या होत्या. मी सवयीने टेबलावर मांडल्या, मीटर आणलं. लाल, मरून, काळी, तिन्ही जोड्या शुक्रवारी मी भरून दिल्या तशाच. हिरवी यंत्रात होती, चार पूर्णांक एकवर. पूर्ण आठवड्यात त्याला चार-पाच वेळाही ओढवलं नव्हतं. भरलेले सेल तसेच ठेवून दिले की खराब होतात, पार रिकामे ठेवले तरी खराब होतात. बरेच दिवस ठेवायचे असतील तर निम्म्यावर आणून थंड जागी ठेवावे लागतात. मी एकेक जोडी निम्म्यावर आणली, डब्यात घातली आणि कपाटात ठेवली. दर तीन महिन्यांनी काढते, बघते, उतरली असतील तर थोडी भरते आणि स्टुलावर समोर बसते. आमच्या कंपनीत मेलेल्या बॅटऱ्या टाकायचं एक पिंप आहे. लोकांच्या हजारो मी त्यात टाकल्यात. या आठ टाकवत नाहीत. टिकल्यांचा रंग उडालाय, पण जोड्या ओळखू येतात.

नणंदेशी पुढे गोडीगुलाबीने बोलणं झालं. टिकली मी अजून लावते. त्याच पाकिटातली होती तोवर त्यातलीच लावत होते.

मुलगी आता दुबईतच, सिलिकॉन ओएसिसच्या बाजूला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. ज्या ग्रॅज्युएशनवरून भांडण झालं होतं ते आता आलंय. गेल्या शनिवारी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. तिने कढई गॅसवर ठेवली, कपाट उघडलं, तेलाची बाटली काढून उजेडात धरली. माझ्याकडे पाठ होती. आणि म्हणाली,

"आई, तेल वाढलंय."

उच्चार अगदी बापासारखा. मी सुरी खाली ठेवली. बाटलीत थेंब नव्हता. ती वळली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मला कळलं की तिला कळतं. नुकतं कळलेलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आत्याचा फोन," ती म्हणाली. मग मराठीत, अडखळत, एकेक शब्द पारखून घेत, "मंगळसूत्र कसं वाढणार? मी रात्री नेटवर शोधलं. सगळं लिहिलेलं होतं."

म्हणजे पाचव्या दिवसापासून. सव्वापाच वर्षं. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. मला कळलंय हे आईला कळलं तर आई मोडेल, म्हणून ती शर्टांच्या घड्या घालत राहिली होती.

"मी नीट सांगितलं असतं तर तू गेली असतीस," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

माझ्या तोंडात 'नाही' आलं होतं. ते खोटं तिने घेतलं नसतं. मी फोन काढला. त्याचा नंबर मी कधी पुसला नाही. तो मेसेज उघडून तिच्यासमोर धरला. 'शाब्बास! असंच चालू दे.' खाली दोन निळ्या खुणा. "तू निरोप दिलास," मी म्हटलं. "तुझा निरोप चुकला ते आमच्यामुळे. हे उत्तर मात्र माझं एकटीचं."

तिने ते वाचलं. खूप वेळ वाचत राहिली, चार तर शब्द. रिकामी कढई तापून धुरकट वास यायला लागला होता, मी हात लांब करून गॅस बंद केला.

"ही सॉ इट," ती म्हणाली. मग पुन्हा मराठीत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, "बाबाला वाटलं असेल, तू जोक करतेस. पेट्रोलसारखा. तो हसला असेल, ना?"

हसल्यावर त्याला ठसका लागायचा. त्या संध्याकाळी त्याला तेवढाही दम नसणार, हे मला माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "खूप हसला असेल."

माझा आवाज हलला. तिने तो ऐकला आणि माझ्या हातातून फोन घेऊन पालथा ठेवला.